परकराची नाडी

...हलू नकोस गं रिद्धी, टाचणी लागेल. विमानतळावर पासपोर्ट तपासायची नोकरी म्हणजे दिवसभर बसणं — पँटची कंबर सैलच हवी. काय म्हणालीस? मी लेकीकडून लगेच का परतले? सांगितलं की, तिकडची हवा मानवली नाही. सगळ्या गल्लीला तेच सांगितलंय — अशी बघू नकोस. बरं, खोटंय ते. तिकडच्या विमानतळावरून मला देशात आत घेतलंच नाही. काचेमागची बाई विचारते, कशाला आलात? फोनवर कुणी दुभाषी. मी म्हटलं, बाळंतपण करायला. आई आणखी कशाला जाते? त्यानं काय अर्थ लावला देव जाणे — काम करणार का, म्हणे. मी आपली तोऱ्यात, "बठ्ठं, सगळं काम मीच करसू, माझ्या हर्षालीला काडी उचलू देणार नाही!" झालं. पाहुणी म्हणून आली नि दाईची नोकरी करणार — असं ठरलं. आपल्याच तोंडानं कबूल!

बरं, नाही म्हणा. दार तुमचं. पण नको असलेल्या पाहुण्यालाही आपण पाणी विचारतो की नाही? समजेल असं सांगा, लेकीला एक फोन लावू द्या — ती दिवस भरलेली, बाहेर ताटकळत उभी. ते राहिलं बाजूला, मला खोलीत नेलं. डिंकाचे लाडू काढून घेतले — घ्या. मग एकीनं कमरेकडं बोट दाखवलं — परकराची नाडी काढ. स्वतःच्या गळ्याकडं खूण केली — फास घेशील, म्हणे. मी! अर्ध्या चाळीसगावच्या परकरांना नाड्या ओवल्या मी, नि तिथं दोन्ही मुठींत परकर-साडी धरून बसले. पाणी दिलं तर घेता येईना — पुरुष होते गं समोर.

हे सांगायचं नव्हतं तुला. कुणालाच नाही. — डोळे पूस, नव्या कापडावर डाग पडेल. तुझ्या काचेसमोरही कुणाची तरी आई येईल. नियमात बसत नसेल तर परत पाठव, पण तिचं — थांब, फोन वाजतोय. हर्षालीचा. बाळाच्या अंघोळीला रोज लावते. इथून सांगते मी, मान धर, कानात पाणी जाऊ देऊ नकोस. असं बाळंतपण! परतीच्या विमानाकडं नेताना, नाडी अजून त्यांच्याकडंच, तेव्हा काचेपलीकडं दिसली होती — पोट सावरत हात हलवत होती वेडी. अजून विचारते, आई, तू साधा हात का नाही हलवलास? — जा तू आता. दार लोटून घे.