बुधवारचा मोकळा तास

माई, प्रिन्सिपॉलसाहेब, आणि कॉलेजातल्या, गावातल्या सगळ्या मंडळींनो,

बोलणं हा माझा धंदा आहे. वर्गात उभा राहिलो की घंटा झाली तरी मी थांबत नाही, अशी मुलांची तक्रार असते. आज मात्र डोंबिवलीहून निघाल्यापासून पहिलं वाक्य शोधतोय आणि ते सापडत नाहीये. नाना वैशंपायन गेल्या सोमवारी सकाळी गेले. पूजा आटोपून, माईंच्या हातचा चहा पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. माई म्हणाल्या, "कुणाला त्रास दिला नाही." खरं आहे माई. पण जिवंतपणी मात्र त्यांनी आम्हाला भरपूर त्रास दिला, आणि मी त्याबद्दलच बोलणार आहे.

नाना आपल्या कॉलेजात गणित शिकवायचे आणि व्हाइस प्रिन्सिपॉल होते, हे बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. त्यांच्या नावावर एकही शोधनिबंध नाही. एकही नाही. विद्यापीठाचा कागद आला, "आपले प्रकाशित संशोधन कळवावे," की नाना त्यावर आडवी रेघ मारून सही ठोकायचे. आणि तरीही या कॉलेजातून गेल्या सात-आठ वर्षांत जे काही बरं संशोधन बाहेर पडलं, त्यातलं एकही नानांशिवाय झालेलं नाही. हे कसं? तर नाना टाइमटेबल करायचे.

हसू नका. टाइमटेबल करणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. कुणाला पहिला तास नको, कारण गाडी चुकते. कुणाला शेवटचा नको, कारण गाडी चुकते. मला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सलग तीन तास हवी. इंग्रजीवाल्यांना जेवणानंतरचा वर्ग नको, कारण मुलं झोपतात. नाना एक मोठा तक्ता टेबलावर पसरायचे, पेन्सिल कानावर, आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. आणि मग बुधवारचा तिसरा तास संपूर्ण कॉलेजला मोकळा ठेवायचे. एकाही मास्तराला त्या तासाला वर्ग नाही. सगळ्यांनी स्टाफरूममध्ये बसायचं.

पहिल्या वर्षी मी त्यांच्याशी भांडलो. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, "नाना, हा तास फुकट जातोय. मला प्रयोगशाळेत द्या." ते म्हणाले, "प्रयोगशाळेत तुम्ही कुणाशी बोलता?" म्हटलं, "कुणाशीच नाही." म्हणाले, "म्हणूनच."

त्या तासाचे नियम दोनच. आपल्या विषयाच्या माणसाशेजारी बसायचं नाही. आणि काय जमलं ते सांगायचं नाही, काय अडलं तेवढंच सांगायचं. मंडळी, प्रोफेसर लोकांना हे किती जड जातं, याची कल्पना करा. काय जमलं ते सांगण्यावर तर आमची सगळी हयात चाललेली असते. सुरुवातीचे चार-सहा बुधवार आम्ही नुसते कुरमुरे खाल्ले. वर्तमानपत्रावर कुरमुरे-शेंगदाणे पसरलेले, आणि भोवती बारा विद्वान तोंड मिटून. नाना कोपऱ्यात मस्टर बघत असल्याचं सोंग करून बसलेले. मग एक दिवस वनस्पतिशास्त्राचे गोडसे म्हणाले की खडवलीला नदीकाठी एक झुडूप सापडलंय आणि त्याचं नाव काही लागत नाहीये. इतिहासाच्या माणसानं विचारलं, "गावातल्या बायका त्याला काय म्हणतात?" गोडशांनी ते विचारलंच नव्हतं. तिथून गाडं चालू लागलं.

तो तास वाचवायला नानांनी काय केलं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. फाळणीनंतर विठ्ठलवाडीच्या पलीकडच्या निर्वासितांच्या छावणीतून मुलं कॉलेजात येऊ लागली. वर्ग वाढले, बाकं कमी पडली. त्या वेळचे प्रिन्सिपॉल म्हणाले, आधी या मुलांची सोय, तुमचा मोकळा तास पुरे झाला. आणि त्यांचंही बरोबर होतं. नाना एका शब्दानं भांडले नाहीत. सकाळी सातला, कॉलेज उघडायच्या आधी, त्यांनी स्वतः त्या मुलांना गणित शिकवायला घेतलं. रोज. पन्नाशी उलटून गेलेला माणूस. दिवसाचे तेवढे वर्ग कमी झाले, आणि बुधवारचा तास राहिला.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायलाच मी उभा आहे, बाकी सगळं आपलं लांबण लावणं झालं.

मी त्या वेळी मिठावर काम करत होतो. आपल्या खाडीकाठच्या मिठागरांतलं मीठ कधी स्वच्छ, पांढरं येतं, कधी त्याला एक कडवट चव असते. त्या कडूपणाचं प्रमाण मोजायचं आणि तो का येतो ते शोधायचं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. एका मिठागरावर हिराजी भोईर म्हणून आगरी गृहस्थ काम करायचे. त्यांच्या वाफ्यांमधलं मीठ मी दर रविवारी न्यायचो. रविवारीच का? कारण रविवारी मला सुट्टी. बाटलीवर तारीख लिहायची, घरी आणायची, सोमवारी प्रयोगशाळेत तपासायची. असं जवळजवळ पाच महिने केलं.

आकडे काही केल्या जुळेनात. एका रविवारी मीठ उत्तम, पुढच्या रविवारी कडू. काही आठवडे असं एकाआड एक चाललं, मग तीही घडी विस्कटली. तेच वाफे, तोच माणूस, तेच ऊन. मी हिराजींना विचारलं, असं का होतं? ते म्हणाले, "पानी जुना झाला ना मास्तर, मंग कडू येनारच." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, हा माणूस वेळ मारून नेतोय.

आणि मग मी काय केलं, ते सांगतो. मी लिहिलं. छान टाइप करून लिहिलं, की नमुने पुरवणाऱ्या कामगारावर विसंबता येत नाही, दुसरीकडचं हलकं मीठ मिसळलं जात असावं. त्या मसुद्याची एक प्रत मिठागराच्या मालकाला द्यावी लागायची, कारण आत जायची परवानगी त्याची. मालकानं ती वाचली. पुढच्या रविवारी मी गेलो तर हिराजींच्या वाफ्यांवर दुसराच माणूस. हिराजी डोक्यावर पाटी घेऊन मीठ वाहत होते. ज्यांच्या बापानं ते वाफे बांधले, ते. मला बघून त्यांनी पाटी खाली ठेवली नाही, नुसते चालत राहिले. आणि मला तेव्हा काय वाटलं सांगू? मला वाटलं, बरं झालं, आता आकडे सरळ येतील.

आले नाहीत. नवा माणूस आला तरी मीठ आपलं कधी चांगलं, कधी कडू.

तेव्हा एका बुधवारी मी म्हणालो की अडलंय. माझ्या शेजारी संस्कृतच्या मनोरमाबाई जोगळेकर होत्या. त्या आज इथे बसल्या आहेत, त्यांना आवडणार नाही, पण सांगतो. माझ्या मनात आलं होतं, या बाईंना मिठातलं काय कळणार. त्यांनी माझी वही मागितली. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "यात नुसत्या तारखाच आहेत. तिथी कुठे आहे?" म्हटलं, "बाई, हे रसायनशास्त्र आहे."  त्यांच्या खणात पंचांग असायचं, उपासांसाठी. ते काढलं आणि माझ्या प्रत्येक तारखेपुढे पेन्सिलीनं तिथी लिहीत गेल्या. पंचमी. द्वादशी. पंचमी. द्वादशी. मग तिथी हळूहळू मागे सरकत गेली.

सगळं कडू मीठ उधाण येण्याआधीच्या दिवसांतलं होतं. एकूण एक. अमावास्येला, पौर्णिमेला खाडीला उधाण येतं, तेव्हा मिठागरवाले वाफ्यांतलं उरलेलं कडू पाणी सोडून देतात आणि नवं पाणी आत घेतात. त्यानंतरचं मीठ चांगलं. जसजसे दिवस जातील तसतसं पाणी जुनं होतं आणि मीठ कडू होत जातं. हिराजींनी मला हेच सांगितलं होतं. तीन शब्दांत सांगितलं होतं. मी एम.एस्सी. झालेला माणूस, समुद्राच्या पाण्यावर काम करणारा, मी समुद्राला माझ्या सुट्टीचा दिवस लावला होता.

स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या. गोडशांनी तर माझी पाठ थोपटली. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू. प्रबंध सुटला होता. तेवढ्यात कोपऱ्यातून नानांनी मस्टर मिटलं आणि विचारलं, "त्या माणसाचं काय?"

दुसऱ्याच दिवशी मी मालकाला पत्र लिहिलं, की माझा निष्कर्ष चुकला, दोष कामगाराचा नाही. नानांनी शेजारी बसून ते माझ्याकडून लिहून घेतलं. "बहुधा" शब्द मी घातला होता, तो त्यांनी खोडला. हिराजींना त्यांचे वाफे परत मिळाले. प्रबंधात मी त्यांचे आभार मानले, त्यांनी दिलेला खुलासा त्यांच्या नावानं छापला. मनोरमाबाईंचंही नाव घातलं. मला वाटलं, झालं सगळं नीट.

नाना म्हणाले, "प्रबंध हिराजी वाचणार आहेत का?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. भेसळीचा आळ मी घेतला, तो चार लोकांत पसरला, तेव्हा चार लोकांतच परत घ्यायला हवा. मी म्हटलं, जाईन. दर बुधवारी उठताना नाना विचारायचे, "जाऊन आलात?" मी म्हणायचो, या रविवारी. कधी परीक्षेचे पेपर, कधी घरी पाहुणे. खरं कारण एकच होतं. मला लाज वाटत होती. डोक्यावर पाटी घेतलेला तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि त्याच्यासमोर उभं राहायचं माझ्यात धैर्य नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी नानांनी विचारणं सोडलं. मला वाटलं, विसरले. मनातून सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करतो. त्याला आता चार वर्षं झाली.

आज टेंभी नाक्यावरून इकडे पोचलो आणि बघितलं, दारापाशी चपला काढून हिराजी भोईर आत येत होते. नानांच्या शोकसभेला. का आले, कुणी कळवलं, मला ठाऊक नाही. ते तिथे शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बसले आहेत.

हिराजीभाऊ, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. तुम्ही मिठात काहीही मिसळलं नव्हतं. तुम्ही मला खरं सांगितलं होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं. माझ्यामुळे तुमचे वाफे गेले, तुम्हाला पाटी उचलावी लागली. हे मी तेव्हाच, तिथेच, तुमच्या माणसांसमोर सांगायला हवं होतं. चुकलो. या सगळ्यांच्या देखत तुमची माफी मागतो.

नाही, तुम्ही हात जोडू नका. जरा मोठ्यानं बोला, भाऊ. हो. हो.

पुढच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. हिराजीभाऊ म्हणताहेत, नाना त्यांच्याकडे आले होते. मिठागरावर, तेव्हाच, वाफे परत मिळाले त्या सुमाराला. उन्हातून चालत आले, बांधावर बसले, यांच्यातली अर्धी भाकरी खाल्ली. सगळ्या माणसांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या मास्तरांची चूक झाली. ते स्वतः येऊन सांगणार आहेत. त्यांना थोडा वेळ लागेल, तेवढा द्या."

मला हे माहीत नव्हतं. माई, तुम्हाला होतं? त्यांनाही नव्हतं.

नाना, थोडा नाही, फार वेळ लागला. पण सांगितलं.

मंडळी, आता आपण उभे राहू या, आणि दोन मिनिटं कुणी काही बोलू नये. मला तर आता बोलवणारच नाही.