काकू, शटर वाढवा

आमच्या घराला दारच नव्हतं, तिथून सांगतो. कन्नडच्या पलीकडं घाटाच्या अंगाला आमचं गाव, दोन खोल्यांचं घर, अन् दार म्हणजे तुराट्यांची ताटी, ती रात्री आडवी लावायची, कुत्रं शिरू नये म्हणून. कुलूप काय चीज असते ते म्या शहरात आल्यावर बघितलं, अन् काय सांगू तुम्हाला, त्याच माणसाचा जन्म लोकांची शटरं उघडण्यात गेला. आधी एका कंपनीत वेल्डिंगला व्हतो, तिथं सायबाशी पटलं नाय, माझं डोकं जरा गरम हाय, बायको म्हणते जरा नाय, लई. मंग एका शटरवाल्या उस्तादाकडं लागलो. उस्ताद शिव्या द्यायचा पण हात धरून शिकवायचा. मला नाव घेऊन एकच सांगायचा, भगवान, शटर कू हात लगाने के पहले पूछ, अंदर कौन है. मला हसू यायचं. आत कोण असणार, चोर?

आता ही बंगल्यावाल्यांची गॅरेजं आली, तिथं मला लई राग येतो. दुकानाचं शटर कसं, हातानं वर ढकललं, झालं. ह्यांना मोटर पायजे, रिमोट पायजे, अन् गॅरेजात गाडी कमी, घरातलं नको ते सामानच जास्त. पण पोट त्याच्यावर हाय, बोलून काय करता.

तर आमच्या शेजारच्या काकूचं सांगायचंय. काका म्हणजे लासूर स्टेशनला आडत दुकान चालवलेला माणूस, सगळी हयात धान्याच्या पोत्यात गेली. म्हातारपणी दुकान काढून टाकलं अन् इकडं पोराच्या बंगल्यावर आले, पडेगावात, माझ्या घरापासून जवळच. उन्हाळा व्हता. पोरगा अन् सून गाडी घेऊन पुण्याला लग्नाला गेलेले, गॅरेज रिकामं. काकूनं तिथं ताडपत्रीवर मिरच्या पसरल्या, मसाल्याच्या, अन् देठं खुडत बसली, घरात ठसका नको म्हणून. काका व्हरांड्यात आले, बघितलं तर गॅरेज उघडं, म्हटले कुत्री शिरतील, अन् दाबला रिमोट. बायको आत हाय हे त्या माणसाला ठाऊक नाय. शटर धाडधाड खाली आलं, मध्येच तिरकं झालं, खाली आपटलं, अन् तेवढ्यात सगळ्या गल्लीची लाईट गेली.

मला काकांचा फोन आला तर त्यांना बोलताच येईना. नुसतं, भगवान, ती आत हाय, ती आत हाय. मी पिशवी उचलली अन् सुटलो.

जाऊन बघतो तर काका शटरला दोन्ही हात लावून उभे, पत्रा असा तापलेला की हात भाजावा, तरी सोडीनात. आतून काकूचा ठसका. अंधारात उठायला गेली अन् मिरच्यांवर पडली, तेच हात डोळ्याला लागले, डोळे उघडंनात. मागं एक जाळी व्हती हवेची, ती पोरानं उंदरं येतात म्हणून पत्रा ठोकून बुजवलेली. म्हणजे वाराच नाय. पत्र्याचं छप्पर, वर ऊन, आत मिरचीचा खकाणा. मी विचारलं, काकू, बोलता येतं का? ती म्हटली, येतं रे, पण जीव घाबरा व्हतोय. काका म्हटले, तिला बीपी हाय, गोळी घ्यायची राहिलीय. लोक जमले, एक म्हणतो कटर लाव. अरे बाबा, लाईट कुठंय कटरला? दुसरा म्हणतो, सगळे मिळून उचला. गिअरचं शटर बाहेरून दहा माणसांनी उचललं तरी उठत नाय, उठलं असतं तर चोरांनीच नसतं का उचललं. मी म्हटलं, सरका बाजूला, अन् आवाज करू नका, मला आतलं ऐकू द्या.

आधी खालचे कुलपाचे खटके बघितले, ते मोकळेच व्हते. मंग बाजूची खाच चाचपली, ज्याच्यातून शटर वरखाली जातं ती, तर शटरच्या एका पट्टीचं टोक खाचेबाहेर निघून अडकलेलं. लाकडाचा ठोकळा लावून हातोडा घातला. आत तिला केवढा दणका बसत आसंल, पण इलाज नव्हता. टोक बसलं आत. आता उरली चेन. मोटरच्या शटरला एक चेन असते, लाईट नसली की हातानं ओढायची, अन् ती लटकती आतल्या अंगाला. म्हणजे ओढणार काकूच.

म्हटलं, काकू, उजव्या भिंतीला चेन हाय, चाचपा. लई वेळ नुसता ठसकाच. मंग चेन वाजली. म्हटलं, दोन पदर हायेत, पुढचा ओढा. अन् शटर हाललं. वीतभर वर आलं. आतून मिरचीचा असा भपका आला की सगळे मागं सरले. मी पालथा पडलो, हात आत घातला, अन् आनंदानं ओरडलो, शाबास काकू, वाढवा, अजून वाढवा!

अन् शटर खाली यायला लागलं. मनगटावर आलं, मी हात ओढला, चामडी निघाली. ओरडलो, वाढवा, काकू, वाढवा! जेवढं ओरडतो तेवढं ते खाली. टेकलं जमिनीला. मला वाटलं, गिअर गेला. घरंगळतंय. आता हे काय उघडत नाय. काका बाजूला खालीच बसले अन् शटरला म्हणायला लागले, मीच दाबलं गं, मीच दाबलं.

आतून काकूचा आवाज आला, बारीक, रडका. म्हटली, अरे तू वाढव म्हणतो म्हणून वाढवते मी, पण मला बाहेर यायचंय रे, मला आत ठेवून कामून वाढवायला सांगतो?

माझ्या डोक्यात तवा उजेड पडला. आमच्यात वाढव म्हणजे अजून कर, जास्त कर. अन् व्यापाऱ्याच्या घरात दुकान बंद कर असं अशुभ कुणी तोंडातून काढत नाय, दुकान वाढव म्हणतात. मी रोज बाजारात ऐकतो ते, पण घराच्या गॅरेजपुढं आठवलंच नाय. लासूरच्या आडतीला मोठं चेनचंच शटर, त्या बाईनं तिथं रोज संध्याकाळी काकांचं ऐकलेलं, वाढव गं, अन् मागचा, शटर खाली आणायचा पदर ओढलेला. डोळे मिटलेले, शटर कुठवर आलंय ते तिला दिसत नाय, ऐकलं अन् हातानं केलं. शटरला काय धाड भरलेली नव्हती. खराबी माझ्या बोलण्यात व्हती.

मी शटरला तोंड लावलं अन् हळू म्हटलं, काकू, सकाळ झाली. दुकान उघडा.

चेन वाजली. थांबली. परत वाजली. वीतभर वर, मंग हातभर, मंग मी अन् काका दोघं आत सरपटत गेलो अन् तिला ओढून काढली. तोंड लाल, लुगडं घामानं पिळून काढावं असं. डोळे धुतले, गोळी दिली, पाणी पाजलं. जरा दम आल्यावर मला म्हटली, येडा हाय का तू, माणूस आत असताना कुणी वाढवा म्हणतं का? काकांना एक शब्द बोलली नाय. त्यांनी तिचा हात धरला तो सोडलाच नाय, लोकांदेखत.

त्या दिवसापासून काकांनी एक नेम धरला. रोज संध्याकाळी रिमोट घेऊन गॅरेजपुढं उभे राहायचे अन् मोठ्यानं विचारायचे, कुणी हाय का आत, वाढवू का? काकू सैपाकघरातून म्हणायची, मी इथं हाय, वाढवा. मंगच बटण. पोरगा हसायचा. मी नाय हसलो, मला उस्ताद आठवायचा. आता मीबी कुठल्याबी शटरला हात लावायच्या आधी विचारतो.

काका ह्या हिवाळ्यात गेले. झोपेतच, कुणाला तरास नाय.

परवा मी तिथं सर्व्हिसिंगला गेलो व्हतो. ग्रीस घातलं, खाच पुसली, पिशवी भरली. दिवस मावळायला आला. काकू बाहेर आली, हातात रिमोट, अन् गॅरेजकडं बघून म्हटली, कुणी हाय का आत, वाढवू का? अन् तशीच उभी राहिली. घरातून आवाज यायचा तर कुणाचा येणार, पोरगा-सून कामावरून यायचे व्हते, अन् सैपाकघरातून बोलणारी तीच. बटणावर बोट ठेवलेलं, पण दाबीना.

मी पिशवी खाली ठेवली अन् म्हटलं, मी इथं हाय काकू. वाढवा.

तिनं बटण दाबलं. शटर खाली टेकस्तोवर आम्ही दोघं बघत राह्यलो. मंग म्हटली, भगवान, सावकाश जा रे बाबा, अंधार पडतोय.