अर्ध्या गावात राह्यलेला निरोप

इंगळे वहिनी, सरच्या घरची मंडळी, बाहेरगावाहून आलेले गुरुजी लोक, अन् माह्या गावातल्या समद्या बाया-माणसांनो, नमस्कार.

मी शोभा. बाहेरच्या लोकाईले सांगते, पाराच्या मागं पिठाची गिरणी हाय, ती माही. शाळेच्या समितीतही हाय मी. पण माइकवर बोलाची ही पहिलीच बारी. गिरणीच्या आवाजात बोलून बोलून माहा गळा असा झाला हाय का घरात मीठ मागतलं तरी शेजारीण धावत येते, भांडण लागलं का म्हणून. तं आवाज चढला तर रागावू नका. अन् मंधातच थांबली, तर... तर थोडं थांबजा माह्यासाठी.

आपले इंगळे सर गेले. आपल्या शाळेचे हेडमास्तर. मागच्या आठवड्यात सकाळी परिपाठ घेतला, छातीत दुखून राह्यलं म्हणले, अन् बुलडाण्याले नेता नेता रस्त्यातच गेले. मले अजून खरं वाटत नाई. सकाळ झाली का माहा डोळा रस्त्याकडे जाते. आता येतीन, आता येतीन. कुठून येतीन बापा?

माह्याआधी समदे बोलले. सर देवमाणूस होते म्हणले. असतीन. माह्यासंग तं रोज भांडत. अन् मले आज त्या भांडणाचंच सांगायचं हाय.

सरले एकच ध्यास होता. शाळेत जे ठरते ते घरापर्यंत पोचलं पाहिजे. लस कोणत्या दिवशी, दाखला कसा काढायचा, पहिलीत नाव कसं घालायचं, पोट्ट्याले बरं नसलं तं कोणाले सांगायचं. ऐकाले लहान गोष्टी वाटतात. पण ज्या घरी त्या पोचत नाईत, त्या घरचं लेकरू मागं पडते, अन् मंग आपण म्हणतो, लेकराचं डोकंच चालत नाई. सर म्हणत, "शोभाताई, लेकराच्या डोक्याले काही झालं नाही. निरोप पोचला नाही."

पहिले सरनं काय केलं, तं फोनवर ग्रुप काढला. समदे पालक त्यात. सर रोज लिहीत, सर्व पालकांना कळविण्यात येते की अमुक, कळविण्यात येते की तमुक. अन् खाली काय? जोडलेले हात. एकामागं एक नुसते जोडलेले हात. सरले वाटे, वा! गाव किती जागरूक हाय. मंग लसीचा दिवस आला, अन् शाळेत निम्मे पोट्टे नाईत. काऊन नाई आले? तं म्हणे आमाले माईतच नाई. अन् हात तं जोडले होते नं?

तवा सर चिडले. तुमाले आठवते नं त्याईनं काय केलं? हसू नका. बरं हसा, सर असते तं तेही हसले असते. सरनं ग्रुपवर लिहिलं, "उद्या शाळेत हत्ती येणार आहे. पालकांनी चारा घेऊन यावे." समद्या गावानं हात जोडले. एकानं धन्यवाद सर लिहिलं. एकानं गुलाबाचं फूल टाकलं, गुड मॉर्निंगवालं. गावात हत्ती येऊन राह्यला, अन् कोणी विचारलं नाई का वो सर, कुठला हत्ती?

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात एकच माणूस उभा. डोक्यावर घासाची पेंढी. आपले सलीमभाई, बकऱ्यावाले. म्हणे, "सर, हत्ती कां है? चारा लाया ना मैं." पोट्टे लोटपोट. सलीमभाई, खाली पाहू नका, तुमचं नाव आज इज्जतीनं घेऊन राह्यली मी. सरनं त्याईले ऑफिसात नेलं, खुर्ची देली, चहा पाजला. म्हणले, "सलीमभाई, अख्ख्या गावात मला एकच वाचणारा भेटला." अन् त्याच वर्षी त्याईले शाळा समितीत घेतलं. घास कुठं गेला ते इचारू नका, माही गाय पारामागंच बांधलेली असते.

त्या दिवसापासून सरचा फोनवरचा भरोसा उडाला. गावात फिरून त्याईनं घराघरात एकच गोष्ट इचारली, घरातला फोन कोणाच्या खिशात असते? तं समद्या घरी उत्तर एकच. मालकाच्या. मालक वावरात, फोन वावरात. अन् शाळेत पोट्टं धाडते कोण? माय. डबा, दप्तर, युनिफॉर्म, ताप, समदं माय पाहते. म्हणजे निरोप जाते बापाच्या खिशात, अन् काम असते मायच्या हातात. कसं पोचीन?

मंग एक दिवस सकाळी सर माह्या गिरणीत आले. म्या म्हणलं, सर, दळण आणलं का? तं म्हणे, "नाही. बातमी आणली. दोन मिनिटं गिरणी बंद करा." म्या म्हणलं, काय बोलता वो सर! पट्टा फिरून राह्यला, जवारी अर्धी दळली हाय, बंद केली तं पीठ जाडभरडं येते, अन् मंग या बाया माहं नाव घेऊन भाकरी थापतीन! सर जागचे हालले नाईत. तिथंच पोत्यावर बसले. पांढऱ्या शर्टावर पीठ बसून राह्यलं, डोळ्याच्या पापण्या पांढऱ्या, अन् माणूस हालत नाई. शेवटी केली बंद. काय करता? भूत बसल्यासारखे बसले होते!

तवापासून ते रोज आले. मी रोज भांडली. अन् रोज बंद केली.

सरचा एक नियम होता. एका दळणाले एकच बातमी. दुसरी नाई. म्हणत, दोन सांगितल्या तर दोन्ही सांडतात. ती एकच बातमी साध्या बोलीत सांगायची, कळविण्यात येते वगैरे काही नाई. अन् सांगून झाल्यावर एखादीले उभं करून म्हणत, "सांगा बरं, मी काय सांगितलं?" एक सासूबाई फणकारल्या, "सर, आमाले या वयात पहिलीत बसवता का?" सर म्हणले, "पहिलीत नाही काकू, पहिल्या बाकावर." ती बाई दुसऱ्या दिवशी घरात दळण नसताना आली, बातमी ऐकाले. हाव, खरं सांगते.

पुढच्या लसीले एक लेकरू घरी राह्यलं नाई. जन्माचा दाखला नाई म्हणून ज्या पोरी पहिलीत बसत नव्हत्या, त्याईच्या माया येऊन इचारू लागल्या, आमचं कसं करायचं? आधी शाळेच्या पायरीवर चढाले भेत होत्या ह्या बाया. मी पण भेत होती. मंग तं सरले रस्त्यात अडवून इचारत, काऊन वो सर, आज खिचडी पातळ काऊन होती?

आता एक बारीक गोष्ट सांगते, गिरणीवाल्यालेच समजीन अशी. आपल्या गावातून दिवाळी झाली का ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोण जाऊन राह्यलं, हे मुकादमाच्याआधी मले समजते. काऊन? तं मोठं दळण येते. रोजचं दळण डब्यात येते, जाणाऱ्याचं पोत्यात येते. मोठं दळण आलं का समजा, घराले कुलूप लागते. अन् लेकरूही ट्रकात बसते.

सरनं हे माह्याकडून शिकून घेतलं. मले म्हणले, "शोभाताई, मोठं दळण आलं की मला फक्त हाक मारायची." मी पोत्याचं तोंड सोडायच्या आधी हाक मारे, अन् सर वर्गातून निघून येत. जाणाऱ्या मायले समजावून सांगत, लेकरू मागं ठेवता येते. मागच्या वर्षी किती लेकरं अशी राह्यली, तुमी पाह्यली. अन् जे गेले तेही पाह्यले. रुखमामायची नात दीक्षा गेली होती. आली तवा पाटीवरचं अक्षर वळखे ना. सरनं जूनपासून तिच्यासंग मेहनत घेतली. आता पोरगी धाड गावच्या जीपमध्ये बसली का रस्त्यावरच्या समद्या पाट्या मोठ्यानं वाचते. जीपवाला म्हणते, मायबाई, थोडं थांब, मले हॉर्न ऐकू येऊ दे!

यंदाही सरनं निरोप सुरू केला होता. अर्ध्या वस्तीले सांगून झालं होतं. अर्धी राह्यली. अन् सर गेले.

मंग आपण काय केलं? आपण दुखवटा पाळला. गावानं ठरवलं, सर गेले, समदं बंद. शाळा बंद. दुकानं बंद. गिरणी बंद. पारावर बोर्ड लागला, भावपूर्ण श्रद्धांजली. मनापासूनच केलं समद्यांनी, कोणाचं काही खोटं नव्हतं. पण मायबापहो, ज्याले जायचं हाय त्याले पीठ तं लागतेच. गिरणी बंद, तं लोक मोठं दळण घेऊन धाड गावाले गेले. तिथल्या गिरणीत कोण सांगणार हाय, का लेकरू मागं ठेवता येते? कोणी सांगतलं नाई. परवा ट्रक येऊन राह्यला. सरच्या नावानं आपण सरचंच काम बंद पाडलं!

मले राग येऊन राह्यला. कोणावर येऊन राह्यला ते मलेच समजत नाई. सरवरही येते. काऊन गेले अर्ध्यातून?

...थांबा. पाणी नको. बोलते.

काल रुखमामाय माह्या दारात येऊन बसली. म्हणे, शोभा, माह्या गणेशनं धाडहून पीठ आणलं. दीक्षाची पिशवी भरून ठेवली. म्हणे, मी आजी हाय, मी सांभाळते म्हणलं, तं पोरगा ऐकत नाई. म्हणे माय-बाप टोळीवर गेले का शाळेतून पोरीचं नाव कटतेच, मंग मागं ठेवून काय फायदा. गणेशच्या घरी सर दोनदा गेले होते, दोन्ही बारी समदे वावरात, दाराले कुलूप. त्याच्यापर्यंत निरोप गेलाच नाई.

लोक म्हणून राह्यले, सरचा फोटो शाळेत लावू. लावा. हार घाला. मी येते हार घेऊन. पण त्याच्याआधी इकडे पाहा. आज या मंडपात कोण कोण हाय? बाप हायत. माया हायत. आज्या हायत. कोणी वावरात नाई, कोणी बाजारात नाई. सरनं इतक्या वर्षात पालक सभा घेतल्या, बिचाऱ्याच्या सभेले इतके लोक कधी आले नाईत. आज आले. तं मी आता सरचा निरोप सांगते. एकच. नीट ऐका.

लेकराचं नाव कटत नाई. टोळीवर जाणाऱ्याचं लेकरू गावात आजी-आजोबाजवळ राहू शकते. सरकारी योजनेतून दोन्ही टाइम शाळेत जेवीन. निघायच्या आधी माय नाई तं बाप, कोणीतरी एकानं रेखा मॅडमजवळ येऊन सांगायचं, आमचं लेकरू ठेवतो. बस. रेखा मॅडम, हात वर करा, लोकाईले दिसू द्या. ह्या पाहा. आता सरच्या जागेवर ह्याच हायत. मॅडम, आजच्या आज इथंच बसान नं? हाव म्हणतात.

गणेश, तू मागं खांबाजवळ उभा हायेस, मले दिसून राह्यला. खाली पाहू नको बे. तुले कोणी नावं ठेवत नाई. पोटासाठी जाते माणूस, त्यात लाज कायची? एकच इचारते. दीक्षाले ठेवतो का? मान हालवू नको, मान मले समजत नाई. तोंडानं बोल, तिची माय इथं बसली हाय, ती ऐकून राह्यली.

हाव म्हणला. ऐकलं का समद्यांनी? वहिनी, ऐकलं का? गणेश हाव म्हणला.

रडू नको वं रुखमामाय. आता तुलेच तिचं दप्तर भरायचं हाय, रडायले टाइम नाई राहणार.

अजून कोण? ज्याईचं ज्याईचं मोठं दळण धाडच्या गिरणीत झालं, ते उठा. शरमू नका, उठा. ...हाव. हाव, कौशल्या, तू पण? दोन्ही लेकरं ठेवतं? चांगलं केलं बाई. तिकडे, भिंतीजवळ, तुमी पण. अजून. उठा, उठा. हे पाहा, किती उठले!

आता जे उठले ते बसू नका. बाकीचेही उठा. वहिनी, तुमी बसा, तुमचे पाय दुखतात, मले माईत हाय. पोट्टेहो, गोंधळ थांबवा. थोडा वेळ समदे शांत उभे राहू. सरसाठी. अन् शांतता झाल्यावर घरी पळू नका, रेखा मॅडमच्या टेबलासमोर रांग लावा.

सर, दीक्षा राह्यली बरं गावात. नमस्कार.