गाडी हलली, सीट नाही

प्रसूतिगृहाच्या फाटकाशी मी बहिणीची वाट बघत उभी होते. शेजारच्या गाडीत कुणी अनोळखी सासरे आणि जावई मिळून बाळाची सीट बसवत होते.

"जावईबापू, सीटचं तोंड मागे? मग बाळाला रस्ता कसा दिसणार?"

"बाबा, त्याला अजून आईसुद्धा धड दिसत नाही. तुम्ही सीटवर गुडघा दाबा, मी पट्टा ओढतो."

"ओढा. अजून ओढा! थांबा, हलवून बघतो. गाडी हलली, सीट नाही."

"मग बसली पक्की."

"एवढा खटाटोप कशाला पण? तुमच्या बायकोला घरी नेलं, तेव्हा ती आईच्या मांडीवरच होती. काही झालं का?"

"गाडी कोण चालवत होतं?"

"मीच की! घरापर्यंत पहिला गिअर सोडला नाही. मागचे सगळे शिव्या घालत होते."

"बाबा, ही घ्या चावी."