‘फॉरमॅट करू का?’

"हॅलो? …हो, बोल, पण लवकर, गॅसवर दूध आहे. …अगं, आधी रडणं थांबव. काय विचारतोय लॅपटॉप? ‘डिस्क फॉरमॅट करू का?’ …मग तू काय दाबलंस? …नक्की ‘रद्द’च ना?"

थोरलीचा जीव भांड्यात पडला. शेजारी आई मटार सोलत बसली होती. घशाच्या ऑपरेशनात आईचा आवाज गेला, तो गेलाच. उरला होता तो धाकटीकडे पाठवलेल्या त्या डिस्कवर, जुन्या गाण्यांत.

"अगं ऐक ना… काही पुसलेलं नाही. तुझ्या लॅपटॉपला ती वाचताच येत नाही. …हो, हो… तुझ्याकडे विंडोज, आमच्याकडे लिनक्स, म्हणून मी तिची फाइल सिस्टिम ईएक्सटी-फोर केली होती. फाइल सिस्टिम म्हणजे कपाटाचे कप्पे गं. कप्पे ओळखीचे दिसले नाहीत, की तुझा लॅपटॉप म्हणतो, मोडून नवे करू? …भोचक आहेच. मालकिणीवर गेलाय. …तुझ्या नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर लिनक्सवालाच ना? त्याला लाव. …दिसलं फोल्डर?"

आईच्या बोटांत शेंग तशीच राहिली.

"सगळं आहे म्हणतेय, आई."

आईने शेंग फोडली, दाणे टपटप वाटीत पडले.

"…हो, आहे मी. आता नवी डिस्क. ती फॉरमॅट करताना जुनी कपाटात ठेव, मग कॉपी कर. …एक्सफॅट? चालते दोन्हीकडे, पण मध्येच वायर निघाली तर गडबडते. …तू नाही ओढणार? अगं, तू इस्त्रीसुद्धा वायर धरून ओढतेस. तुला एनटीएफएसच बरी. काय करणार ते ती आधी टिपून ठेवते, मग करते. हिसका बसला तरी सावरते. आमचं लिनक्सही वाचतं तिला. …मग झालं तर. …लाव ना एखादं. स्पीकरवर टाकते."

फोनमधून आईचा आवाज आला, काठोकाठ भरलेल्या घागरीसारखा.

दोन माझ्या लेकी, दोन दारांच्या पणत्या,
एक उजळे उंबरा…

आणि मध्येच, त्याच सुरात: ‘अगं, दूध बघ कुणीतरी, उतू जाईल.’

थोरली हसली, पदराने डोळे टिपले.

"ऐकलंस? तेव्हाही… हॅलो? …आई? आई इथे होती आत्ता… थांब हं."

आत गॅसचं बटण खट्‌कन बंद झालं.

"अगं, ठेव फोन. अगदी काठावर आलं होतं गं… तिने वाचवलं."