माझ्या हातचा पाटा

माझं नाव गजराबाई. मूळचं आमचं गाव घाटावर, जुन्नरच्या अंगाला, आन जात-काम म्हनाल तर दगड. बाप दगड घडवायचा, आजा दगड घडवायचा, त्याच्या आधीचं कोन सांगनार. मी जन्मले तर आधीच दोन बहिनी व्हत्या माझ्या, मंग आमच्या आजीनं कपाळाला हात लावला, म्हनली, अगं हिच्या जागी दगड झाला असता तर त्यावर धुनं तरी धुतलं असतं. आई हे मला हसत हसत सांगायची. मी काय हसले नाय कधी. म्हनलं थांब म्हातारे, तुला दावते दगड काय असतो ते.

तर काय सांगू तुम्हाला ताई, लग्न झालं आन मी अंबरनाथला आले, बुवापाड्यात. सासरा, त्याला मी मामंजी म्हनायची, आन माझा नवरा गनपत, दोघं पाटे-वरवंटे घडवायचे दारातच, दिवसभर टाकीचा, म्हंजे दगडाच्या छिन्नीचा आवाज, आन सासू आन मी, आम्ही टोपल्या डोक्यावर घेऊन फिरायचो. एक दिवस बदलापूर गाव, एक दिवस उल्हासनगरचे कॅम्प. टाकीऽ लावायची का, पाट्याला टाकीऽ, असं वरडत जायचं, कारन पाटा वापरून वापरून गुळगुळीत व्हतो, मिरची नुसती सरकते त्यावर, मंग त्याला परत टाकीनं बारीक खड्डे मारायचे. सिंधी बाया आम्हाला आत बोलवायच्या, त्यांच्यात सिलबट्टा म्हनतात. एक अम्मा व्हती, ती माझं काम बोटानं चाचपून बघायची आन म्हनायची, ए गजरा, तेरे हाथ में जादू है, ये क्या खाली दुरुस्ती करती फिरती है, खुद का बना ना. मी म्हनायचे, अम्मा, हमारे में औरत नहीं बनाती.

आता हे तुम्हाला कळायला पायजे. आमच्यात बाईनं जुन्या दगडाला टाकी लावलेली चालती, पन अखंड दगडातून नवा पाटा घडवायचा तो गड्यानंच. का, तर दगड म्हंजे नुसतं वाटन वाटायची वस्तू नाय ना. लेकरू जन्माला आलं की पाचव्या दिवशी सटवाईची पूजा कशावर, तर पाट्यावर. बारशाला वरवंट्याला टोपडं घालून, काजळ लावून पाळन्याखालून फिरवायचा, त्याला गोप्या म्हनायचं, कोनी गोविंद घ्या कोनी गोपाळ घ्या. लग्नाची हळद जात्यावर. मेल्यावर मडकं फोडायला दगड, आन तोच जीवखडा म्हनून दहा दिवस पुजायचा. येशीवर म्हसोबा, तो बी दगडच, शेंदूर लावलेला. म्हंजे मानूस येतो तवा दगड आन जातो तवा बी दगड. मंग अशा पुजेच्या दगडाला बाईचा हात नको, असं मामंजीचं म्हननं. मी एकदा सासूला इचारलं, आत्याबाई, लेकरू बाईनं जन्माला घातलेलं चालतं, मंग त्याच्या पुजेचा पाटा का चालत नाय? सासू म्हनली, गप बस, ते ऐकतील. पन माझ्या मनातून काय ते जाईना.

मला घडवायचाच व्हता. दुसरी कसली हाव न्हवती, ना साडीची ना सोन्याची. एक पाटा माझ्या हातानं घडावा आन त्याची कुनाच्या तरी घरी पूजा व्हावी, बस.

मंग मिक्सर आले. घरोघर घुर्रर्र आवाज. आमचा धंदा बसला, गनपत आनंदनगरला कंपनीत लागला शिफ्टमधी, आन मामंजीच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला, त्यांना नुसती सावली दिसायची. दारात दगड पडून, आन घडवनारं कोनी नाय. मामंजी रोज दुपारचे शिवमंदिराकडं जाऊन बसायचे, तिथं जुन्या काळातली भिंत हाताळत बसायचे, म्हनायचे हे आपल्यासारख्यांनीच केलंय. ते तिकडं गेले की मी इकडं घन उचलायची, सासू बघून न बघितल्यासारखं करायची. मोठं फोडायचं काम तेवढ्या येळात करायचं, आन ते परत आले की बारीक टाकी मारत बसायचं. त्यांना आवाज यायचा, पन त्यांना वाटायचं सून जुन्या पाट्याला टाकी लावती. ते बिचारे शेजारी बसून तंबाखू मळायचे, आन मी त्यांच्याम्होरं नवा पाटा घडवायची. आता आठवलं की हसू येतं.

पहिला पाटा उभा चिरला. दगड निवडतानाच मी चुकलेली. दगड वाजवून बघायचा असतो ताई, चांगला असला तर खनखन वाजतो, आत चीर असली तर बद्द आवाज देतो. मला घाई झालेली, मी वाजवलाच न्हवता. दुसऱ्याची कड उडाली. गनपतला सगळं ठाव व्हतं, तो कामावरनं आला की तुकडे गुपचूप बाजूला टाकायचा, म्हनायचा, काय गं, आज काय मारलंस? पन थांब म्हनला नाय कधी. भला मानूस. तिसरा मातर जमला. असा जमला की मी त्यावर गाल टेकवून बसले व्हते थोडा येळ. मंग भिंतीला जुने पाटे उभे व्हते त्यांच्यातच त्याला उभा केला.

त्यातच माझी ननंद सुमन बाळंतपनाला आली. मुलगी झाली तिला. पाचवीच्या दिवशी मामंजी म्हनले, आपन पाथरवट, आपल्या घरची पाचवी साध्या पाट्यावर करायची नाय, मी निवडतो. आन भिंतीजवळ बसले. एकेका पाट्यावर तळवा फिरवायचे, बोटाच्या पेरानं वाजवायचे, कान लावायचे. मी चुलीपाशी. तांदूळ निवडत व्हते पन खडे टाकतेय का तांदूळ टाकतेय काय कळंना. मामंजीचा हात माझ्या पाट्यावर आला. फिरला. परत फिरला. वाजवला त्यांनी, मंग हसले, म्हनले, हा घ्या. हा माझ्या हातचा. मी तरना व्हतो तवाचा, असा हात आता गनपतचा बी नाय पडत.

गनपतनं माझ्याकडं बघितलं. मी तांदळाकडं.

संध्याकाळी पूजा झाली. पाट्यावर हळद-कुंकू, सुमनच्या लेकीला पाट्याम्होरं ठेवली, मामंजीनं सोता नमस्कार केला. मी गप बसले असते तर कुनाला कळलं बी नसतं. पन म्हनलं, एवढा जीव काढला तो दुसऱ्याच्या नावावर जानार का? ते काय माझ्यानं सोसंना. मी म्होरं झाले आन म्हनले, मामंजी, तो पाटा तुमचा नाय. माझा हाय. मीच घडवलाय, घनापासून टाकीपर्यंत.

सासूनं पदर तोंडात धरला. मामंजी उठले, परत पाट्याजवळ बसले, हळद-कुंकू सांभाळून कडंकडंनं हात फिरवला. लई येळ. मंग म्हनले, चा टाक. मी चा केला. त्यांनी पिला, बशी खाली ठेवली आन म्हनले, खालची कड जाड ठेवलीस. पुढच्या येळी पातळ कर.

पुढच्या येळी म्हनले ते. ताई, मी मोरीत जाऊन रडले, आनंदानं रडले, आन बाहेर येऊन त्यांना परत चा टाकला.

त्या वर्षी महाशिवरात्रीच्या जत्रेत आमचं दुकान लागलं, तर मामंजी शेजारी बसून सोता वरडत व्हते, सुनेच्या हातचा पाटा, या, वाजवून घ्या. लोकं हसायची, पन वाजवून बघायची आन घ्यायची. ती सिंधी अम्मा बी आली, म्हनली देखा, मैंने बोला था ना. मामंजी पुढं बरीच वर्षं जगले. जाताना गनपतला म्हनले, माझं मडकं फोडायला इकडचा तिकडचा दगड घेऊ नको, सुनेच्या टाकीखाली उडालेली एक कपची घे. तशी घेतली. दहा दिवस माझ्या हातची कपची जीवखडा म्हनून पुजली, आन बदलापूरला उल्हास नदीत सोडली. मोठमोठ्या मानसाला हे मिळत नाय.

आता बदलापूरला टावर झाले, त्यात मिक्सर हायेत, पाटा कुनाकडं नाय. एका घरी बारशाला वरवंटा नाय म्हनून पान्याच्या स्टीलच्या बाटलीलाच टोपडं घातलेलं. बाळाची आजी रडकुंडीला आली व्हती. माझ्या पोराच्या ओळखीचे निघाले, त्यानं मला फोन केला, मी रिक्षानं वरवंटा घेऊन गेले, लिफ्टमधी पोरं बघायला लागली की ही बाई दगड घेऊन कुठं चाललीय. तवापास्न फोन येतात. पाचवीला, बारशाला, लग्नाला. मधी माझ्याच पोटात दुखायला लागलं, डॉक्टर म्हनला मावशी, पथरी हाय. म्हनलं डॉक्टर, आमच्या घरात दगड बाहेर ठेवायला जागा उरली नाय, तो आता आत शिरला.

गेल्या महिन्यात माझ्या पोराला लेक झाली. माझ्याच हातच्या पाट्यावर पाचवी, माझ्याच हातचा गोप्या पाळन्याखालून गेला. शेजारीन सवयीनं म्हनली, अगंबाई, मुलगीच का? मी तिला दाराबाहेर नेली आन पायरी दावली. काळ्या दगडाची, ती बी मीच घडवलेली, नातीच्याच स्वागताला. म्हनलं, या घरात पोरगी या पायरीवरनं आत येती, मान वर करून. तू बी तशीच ये, चा घे, पन तसं बोलायचं नाय.

घन आता उचलवत नाय. पन नात माझं बोट धरती ना, अशी घट्ट धरती की सोडवत नाय. टाकी धरायचाच हात हाय तो. धरली तर धरली, नायतर पेन धरू दे, विमान चालवू दे. सुखी ऱ्हावो. आन ताई, तुमच्या घरी पाटा नसंल तर सांगा, एक देते. वाजवून घ्या मातर.