मातीनं ठेवलेलं नाव

(प्रशिक्षण केंद्रातली अवजारांची खोली. दार लोटलेलं. बाहेर अंगणात शेतकऱ्यांचा हशा अजून ओसरलेला नाही.)

सासरे : हसू दे गं त्यांना. तुझ्या वर्गात एवढं मन लावून कोणी काही ऐकलं नव्हतं कधी.

सून : बाबा, निदान तुम्ही तरी हसू नका.

सासरे : हसत कुठंय? मला माझ्या चड्डीचा अभिमान वाटतोय. पेरणीच्या आधी गाडली, आज तू सगळ्यांदेखत उकरून वर धरलीस, तर एक भोक नाही. "जिवंत मातीत सुती कापड टाका, किडे-बुरशी त्याचा फडशा पाडतील, मागे उरेल फक्त इलॅस्टिक." कोण म्हणालं होतं बरं?

सून : मी म्हणाले होते. आणि तो ट्रॅक्टरवाला काय म्हणाला तेही ऐकलं मी. म्हणे, "बाई, तुमच्या मातीला दात नाहीत, हिला आधी कवळी बसवा."

सासू : मेल्याचे स्वतःचे पुढचे दोन हलताहेत.

सून : आई, तो विळा ठेवा हो खाली. मघापासून एकच विळा पुसताय.

सासरे : पैज होती आपली. मातीनं खाल्ली तर मी जन्माचा गप्प, नाही खाल्ली तर तू.

सून : पैजेचं जाऊ द्या. फवारणीवाला फाटकाशी टाकी भरून बसलाय. ओढ्याकाठची पट्टी यंदा फवाऱ्याविना सोडा, गवत वाढू द्या, पाखरं येऊ द्या, म्हणून किती दिवस विनवलं मी ह्या शेतकऱ्यांना. शेवटी म्हणाले, चड्डी काय सांगते ते बघू. आता चहा संपला की थेट पाण्याच्या कडेपर्यंत औषध मारणार.

सासू : औषध कसलं, विष ते. औषध म्हणायला ह्यांनीच शिकवलं साऱ्यांना, जन्मभर गल्ल्यावर बसून.

सासरे : गिऱ्हाईक दुकानात येऊन "अर्धा लिटर विष द्या" म्हणत नाही. धंद्याची भाषा असते एक.

सून : एवढं शेणखत घातलं, पालापाचोळा अंथरला. मूठभर माती उचलली तर हातात गांडुळं येतात. मग चुकलं कुठे? बादली सरकवा जरा, चिखल तरी धुते हिचा.

सासरे : जपून धू. उद्या घालणार आहे मी ती. विजयाची चड्डी.

सून : बाबा, तुमचं नाव कुठंय?

सासरे : इलॅस्टिकवर, लाल नायलॉनच्या दोऱ्यानं. धोब्यानं एकदा मला शेजाऱ्याची पाठवली, तेव्हापासून स्वतः टाके घालतो. गाडताना सगळ्यांना वाचूनच दाखवलं होतंस की.

सून : ह्या चड्डीवर नाही.

सासरे : खाल्लं असेल मातीनं.

सून : सूत सोडून नायलॉन खाल्लं? आणि ही बघा, दुकानातली घडी. अजून मोडलेली नाही. आई.

सासू : काय गं.

सून : विळा ठेवा आणि माझ्याकडे बघा.

सासू : मी आपली परवा बघायला गेले होते. म्हटलं, हे पोरीला एवढं छळतात, बघू तरी कोण जिंकतंय. उकरलं तर काय बाई, नुसत्या चिंध्या. धरायला गेले तर बोटांतून गळाल्या. मला तर तिथंच ओवी सुचली :
काळे गं मातीबाई, तुझ्या भुकेला काय देऊ,
धन्याची दिली चड्डी, आता धन्याला कुठं ठेवू.

सून : म्हणजे खाल्ली होती.

सासू : चाटूनपुसून.

सून : मग ही नवी कुठून आली तिथे?

सासू : अगं, चारचौघांसमोर तू ह्यांच्या नावाची लक्तरं वर धरणार. लोक काय म्हणाले असते? एवढी शिकलेली सून, आणि सासऱ्याला धड चड्डी घेत नाही. म्हणून पाकिटातली नवीकोरी काढली आणि पुरली. तुझी अब्रू राखली मी.

सासरे : छान राखलीस. बाहेर ऐकू येतेय राखलेली.

सून : आई, ते इलॅस्टिक कुठंय? नावाचं? टाकलंत?

सासू : टाकते कशाला? चांगलं ताण धरत होतं. सोडा घालून उकळलं, उन्हात वाळवलं, आणि...

सून : आणि?

सासू : ह्यांच्या लेंग्याची नाडी सारखी आत पळायची.

सासरे : कुठल्या लेंग्याची?

सासू : सकाळी म्हणालात ना, आज लेंगा कसा झकास बसलाय.

सासरे : म्हणजे आत्ता माझ्या कमरेला...

सासू : उकळलंय म्हटलं ना.

सून : राहू द्या, बाबा. मी तोंडी सांगते त्यांना, काय घडलं ते.

सासरे : आणि ते मानतील? सासूनं चड्डी बदलली म्हणून? मी तिकडे असतो तर आणखी जोरात हसलो असतो.

सून : मग हसू देत. तुमचीच गिऱ्हाइकं ती सगळी. त्यांच्यापुढे तुम्हाला असं उभं करणार नाही मी.

सासरे : फवारणीवाला टाकी भरून बसलाय म्हणालीस?

सून : हो.

सासरे : अगं, ती फांद्या छाटायची कात्री आहे ना खुंटीला? दे इकडे. आणि तिकडे तोंड करा दोघी.

सासू : मी कशाला करू? कमरेत कापा, मागून. उसवू नका, मीच शिवलंय, निघायचं नाही सहज.

सासरे : आलं. हे घे, सूनबाई. अक्षर न् अक्षर शाबूत आहे.

सून : बाबा, वर्गाशी कोण बोलणार? तुम्ही?

सासरे : मी पैज हरलो. तूच बोल. मी नुसता शेजारी उभा राहतो, पुरावा म्हणून.

सासू : जन्मभर ह्या मातीला नावं ठेवलीत. तिनं बघा, सगळं खाल्लं आणि तुमचं नाव तेवढं ठेवलं.

सासरे : कळलं. सूनबाई, दार तू उघड. माझे दोन्ही हात गुंतलेत.